नावुनिवीच्या खिंडीचा राखणदार

नेतानी डब्यातले मासे खातो. समुद्र त्याच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त मासे आमच्या नावुनिवीच्या खिंडीत आहेत, आणि ते आहेत ते नेतानीमुळे, असं विद्यापीठाची माणसं दरवर्षी लिहून नेतात. तरी हा माणूस दुपारी दुकानातून टोमॅटोच्या रसातल्या माशांचा डबा आणतो, कोयत्याने उघडतो आणि उकडलेल्या कसाव्याच्या कंदाबरोबर गिळतो. ताजा मासा त्याच्या ताटात दिसला, की येणारा-जाणारा विचारतो, "काय रे, हा कुठल्या पाण्यातला?" एकदा दोनदा उत्तर दिलं, तिसऱ्यांदा त्याने डबा आणला. तेव्हापासून डबाच.

नेतानी माझ्या आत्याचा मुलगा. वयाने बराच मोठा, पण आमच्याकडे आतेभाऊ-मामेभावांनी एकमेकांची टिंगल करायचीच असते. केली नाही तर दोघांचं काही बिनसलंय का, असं घरचे विचारतात. म्हणून मी त्याला इन्स्पेक्टर म्हणतो. तो मला जे म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

खिंड म्हणजे गावासमोरच्या प्रवाळाच्या भिंतीतली फट. थंडीच्या महिन्यांत पुनवेच्या आसपास हेकरू तिथे अंडी घालायला जमतात. एरवी हा मासा खडूस, एकेका खबदाडात एकटा राहणारा, पण त्या दिवसांत लग्नमांडवात असल्यासारखी दाटी. गळ टाकायचा अवकाश, की वर. आमच्या वाडवडिलांनी तेच केलं, आम्हीही तेच केलं, आणि एक वर्ष असं उजाडलं की मांडवात कुणी आलंच नाही. तेव्हा आमचे गावप्रमुख, ज्यांना सगळे रातू म्हणतात, त्यांनी विद्यापीठाला निरोप धाडला. बेटावरच्या माणसांनी आपलं पाणी, आपलं रान कसं राखायचं हे शिकवणारा एक विभाग त्या विद्यापीठात आहे. तिथून मिस वासिती आल्या. स्वतः एका चिमुकल्या बेटावरच्या, आमच्यापेक्षा चांगल्या पोहणाऱ्या, आणि यांगोनाच्या मुळीचं पाणी आमच्याइतकंच रिचवणाऱ्या. गावाने त्यांना लगेच आपलं म्हटलं.

त्यांनी चर्चच्या पडवीत मोठा कागद अंथरला, त्यावर खिंड काढली आणि विचारलं, "इथे मासे कोण कोण धरतं?"

आम्ही म्हणालो, आम्ही. पलीकडच्या गावचे लोक, रातूंना विचारून. शहराकडच्या बोटी, कुणालाही न विचारता.

"आणखी कोणी?"

सगळे चटईकडे बघत बसले. त्या पडवीत असा एकही माणूस नव्हता, ज्याला 'भाचे' हा शब्द सुचला नव्हता. पण बोलायचा कसा? गावच्या मुलीचा मुलगा आजोळी आला, की आजोळचं जे त्याला आवडेल ते त्याचं. मामाची कोंबडी, मामाची चटई, मामाच्या परड्यातलं केळं. मामाने त्यावर तोंड वाकडं करायचं नाही, उलट "एवढंच?" म्हणायचं. भाचा काही मासे 'धरत' नाही, तो आपलं आहे ते नेतो. बाहेरच्यांच्या रांगेत त्याचं नाव घालणं म्हणजे आपल्याच बहिणींना परकं करणं. तेव्हा सगळे म्हणाले, "नाही, आणखी कोणी नाही." मिस वासितींनी कागद गुंडाळला. खिंडीत मासे धरायला बंदी ठरली.

आता राखायला माणूस हवा. त्यासाठी मोठ्या बेटावर जाऊन विद्यापीठाचं शिक्षण घ्यायचं होतं. एकाच्या घरी लग्न होतं, दुसऱ्याचा ऊस तोडणीला आला होता, तिसऱ्याला बोट लागते. नेतानीला कारण सुचेपर्यंत सगळी कारणं संपली होती. तो गेला आणि टोपी, दुर्बीण आणि विद्यापीठाची छोटी होडी घेऊन परतला. रातूंनी आपल्या हाताने यांगोनाची करवंटी त्याच्यापुढे धरली. ती करवंटी रिकामी केली, की काम अंगाला चिकटलं. रातू सोडवतील तेव्हाच सुटायचं.

गावाला वाटतं, नेतानीचं नशीब उघडलं. टेकडीवर झोपडी, झोपडीत वारा, वाऱ्यात बसून समुद्र बघायचा. खरं सांगायचं तर तो तेव्हापासून गावाबाहेर गेलेला नाही. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला गेला नाही. लग्नाचे दिवस पाहूनच शहराच्या बोटी येतात. बाकीचे बाहेरच्या पाण्यात मासेमारीला जातात, गाणी म्हणत परततात, आणि हा वरून त्यांच्या होड्या मोजतो. त्याला बरोबर कुणी बोलवत नाही. इन्स्पेक्टरला सहलीला कोण नेतं?

मागच्या वर्षी मी वर गेलो तेव्हा तो दुर्बीण पुसत बसला होता.

"इन्स्पेक्टर, आज गुन्हेगार किती?"

"एक. समोर उभा आहे. तो नारळ कुणाच्या झाडाचा?"

"तुझ्याच."

"मग फोड आणि अर्धा दे." खोबरं चावता चावता तो म्हणाला, "रुपेनी, मला इथून जायचंय."

"मग जा."

"टोपी कुणाच्या डोक्यावर ठेवू? तुझ्या?"

"माझ्या डोक्याला बसणार नाही. डोकं मोठं आहे."

"रिकामं मडकं मोठंच दिसतं." मग तो हसला नाही. "तिकडं शिकायला होतो ना, तेव्हा संध्याकाळी पाण्यात उतरायचो. मोजायचं काही नसायचं. कुणी कुणाचा नसायचा. किती बेटांची माणसं, रोज नवा विनोद. मला तिथं कुणी ओळखत नव्हतं रे. एवढं बरं आयुष्यात कधी वाटलं नाही."

त्याच सुमारास मिस वासिती म्हणाल्या होत्या, की मोठ्या बेटावर आता कायमचं केंद्र होतंय. ठिकठिकाणचे राखणदार तिथे शिकायला येतील. त्यांना होडीतून फिरवायला आणि पाण्यात उतरवायला नावुनिवीचा एक माणूस हवाय. यंदा पुनवेच्या मोजणीत हेकरू नीट दिसले, बंदी टिकली हे दाखवता आलं, तर गावाने माणूस पाठवावा. रातू म्हणाले, "मोजणी होऊ दे. मासे असले तर नेतानी मानाने जाईल. टोपी दुसरा कोणी घालेल." नेतानीने हे कुणापाशी बोलून दाखवलं नाही. आपल्याला गावातून जायचंय असं गावात म्हणणं बरं दिसत नाही. मला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, लितियाला. पण तिला तो मानच ठाऊक होता, त्यामागची घुसमट नाही. ती सगळ्यांना सांगत सुटली की विद्यापीठ आमच्या यांना बोलावतंय.

मोजणी चार दिवसांवर आली आणि कोलिनियो उगवला.

कोलिनियो म्हणजे नेतानीच्या बहिणीचा, उनाइसीचा थोरला. उपसागराच्या पलीकडच्या गावचा. पोरगा वाईट नाही, उलट असा गोड की राग यायला उशीर होतो. आल्या आल्या त्याने मामाचे पाय चेपले, मामीला गाणं म्हणून दाखवलं, सगळा कसावा संपवला आणि मग घरात एक चक्कर मारली. नवा कंदील आवडला. खाली ठेवलेली चटई आवडली. अंगणातली तांबडी कोंबडी तर फारच आवडली.

"एवढंच?" नेतानी म्हणाला.

संध्याकाळी रातूंच्या घरी यांगोना झाली. कोलिनियोने रीतसर मुळी पुढे ठेवली, टाळ्या वाजल्या, करवंटी फिरली. मग तो मांडी बदलून म्हणाला, "मामा, पुनव जवळ आली. उद्या दिवस जाऊ दे, परवा मी खिंडीत उतरतो. बर्फाचं खोकं आणलंय."

रातूंची करवंटी ओठाशी थांबली. बंदी घालताना ज्यांनी ज्यांनी हात वर केले होते, ते सगळे नेतानीकडे बघायला लागले.

"किती धरणार रे, पोरा?" रातूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"खोकं भरेल एवढे, आजोबा. शहरात विकून इंजिन घेणार. वल्हं मारून कुठं पोचता येतं का माणसाला?"

"खरं आहे," रातू म्हणाले. दुसरं काय म्हणणार! मग पुन्हा सगळ्यांनी नेतानीकडे बघितलं.

"थोडी यांगोना घे अजून, भाच्या," नेतानी म्हणाला.

सकाळी त्याने मला टेकडीवर ओढत नेलं. मोबाईलला रेंज तिथेच येते. "उनाइसीला फोन लाव."

तो स्वतः लावू शकत नव्हता. आमच्याकडे भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मान असतो तो. एका घरात बसले तरी मधे तिसरा लागतो. त्या सकाळी तिसरा मी.

"कोण, रुपेनी? मेला नाहीस अजून?" उनाइसी तिकडून म्हणाली. माझी आतेबहीण, तेव्हा आमचं असंच.

"तुझ्या हातचं खाल्ल्याशिवाय कसा मरेन? त्यानंतर मात्र नक्की."

"शेजारी कोण श्वास घेतंय?"

"एक टोपी आहे. खाली कोण ते तू ओळख."

तिचा आवाज एकदम खाली आला. मी फोन मोठ्याने बोलता करून मधल्या दगडावर ठेवला.

"तिला विचार," नेतानी मला म्हणाला, "मुलगा कशाला आलाय ते तिला माहीत आहे का."

मी तोंड उघडलं, तोवर फोन म्हणाला, "त्याला सांग, माहीत आहे."

"तिला सांग, खिंड बंद आहे. विद्यापीठ मोजायला येतंय."

"त्याला सांग, खिंड परक्यांना बंद असते."

"तिला सांग, मी कोलिनियोला परका म्हटलं नाही."

"त्याला सांग, मग प्रश्नच मिटला."

दोघांना एकमेकांचा शब्दन् शब्द ऐकू जात होता. मी मधे बसून नुसती मान हलवत होतो. मग उनाइसी म्हणाली, "त्याला सांग, लग्नात माझ्या वाट्याला माहेरची जमीन आली नाही. नारळ आले नाहीत. आला तो एवढा एक हक्क, तोही माझ्या पोराच्या हातून. तो मामाकडून कोंबडी काखेत मारून येतो ना, तेव्हा इथल्या बायकांना कळतं की हिच्या पाठीशी कुणी आहे. मी काय त्या कोंबडीला भुकेली आहे? उद्या तो रिकाम्या हाताने आला, तर सासूच विचारेल, तुझ्या माहेरचं दार कधी लागलं गं?"

नेतानीने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "तिला सांग," तो म्हणाला, "की मला..." आणि थांबला. खाली कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मला वाटलं, आता सांगतोय. "तिला सांग, बरं," तो म्हणाला.

"त्याला सांग," उनाइसी हळूच म्हणाली, "खिंडच दे असं नाही. दुसरं काही दे. पण हात भरून दे."

फोन बंद झाल्यावर नेतानी उठून उभा राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रस्ता सापडल्यासारखं काही दिसलं. "आमच्याकडे देवमाशाचा दात आहे," तो म्हणाला. "बापाचा. तो देऊन भाच्याला विनवायचं. खिंड सोड, बाकी काहीही माग."

"काहीही? त्याने डुकरीण मागितली तर?"

"देईन."

"होडी?"

"होडी माझी कुठंय? विद्यापीठाची. ती त्याला मागता येत नाही."

"आणि लितिया?"

त्याने नारळाची शेंडी फेकून मारली. "तिला परत आणून सोडेल संध्याकाळपर्यंत."

आम्ही दोघं एवढे हसलो, की काहीही म्हणजे काय काय, हा हिशेब तिथेच राहिला.

त्या संध्याकाळी नेतानीने कमरेला स्वच्छ सुलू गुंडाळला, दोन्ही हातांवर तो पिवळा पडलेला दात घेतला आणि भाच्यासमोर गुडघ्यावर बसला. मामा भाच्यासमोर असा बसला म्हणजे बायकासुद्धा दारात येऊन उभ्या राहतात.

"भाच्या, हे पाणी तुझ्या आईचं आहे. कुणी नाही म्हणत नाही. पण एवढी खिंड राहू दे. ती सोडून माझ्याकडे जे आहे, माझं म्हणून जे येणार आहे, त्यातलं काहीही माग. हा दात साक्ष."

कोलिनियो गहिवरला. त्याने दात घेतला, नाकाला लावला. सगळ्यांनी घुमणाऱ्या टाळ्या वाजवल्या. दात घेतला आणि टाळ्या झाल्या, की शब्द परत फिरत नाही. इकडूनही नाही, तिकडूनही नाही.

"डुकरीण माग!" मागून कुणीतरी ओरडलं.

"काळी माग, काळी!"

"काळी नको रे," दारातून लितिया कळवळली, "गाभण आहे ती!"

हशा पिकला. कोलिनियोही हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "मामी दुपारी सांगत होती, विद्यापीठाला मोठ्या बेटावर नावुनिवीचा एक माणूस हवाय. होडीवर. मामा, ती जागा मला दे."

हशा जिथे होता तिथेच तुटला.

"इंजिन तरी मला कशाला हवं होतं?" तो मनापासून समजावत होता. "कुठंतरी जायलाच ना? मी तिकडं खोबरं सुकवत कुजतोय, मामा. उठलो की धूर, झोपलो की धूर. तुझं बरं आहे. तुला टेकडी आहे, दुर्बीण आहे, गाव मान देतं. तुला कशाला हवंय ते होडीवरचं काम या वयात?"

लितियाने तोंडावर हात ठेवला होता. मी बोलायला म्हणून पुढे सरकलो, तर नेतानीने न बघता माझा गुडघा दाबला, असा की दोन दिवस दुखत होता. तो भाच्याकडे बघत होता. बघता बघता त्याने चेहरा नीट केला, जसा माणूस पाहुणे येताना चटई नीट करतो.

"एवढंच?" तो म्हणाला.

"पण तो पलीकडच्या गावचा," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"भाचा घरचाच," रातू म्हणाले. "नावुनिवीचा माणूस मागितलाय, नावुनिवीचाच गेला म्हणायचं." आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यांत आधी नेतानीने वाजवल्या.

घरी जाताना लितिया रडत होती. "मी कशाला बोलले त्याच्याजवळ?"

"खोटं काय बोललीस?" नेतानी म्हणाला. "चल, डुकरिणीला घालायचं राहिलंय."

कोलिनियोने शब्द पाळला, हे मला सांगितलं पाहिजे. पुनवेला तो खिंडीकडे फिरकला नाही. उलट शहराची एक बोट आली, तेव्हा मामाबरोबर होडी घालून त्याने असा आरडाओरडा केला की ती वळून गेली. मग मिस वासिती आणि त्यांचे विद्यार्थी पाण्यात उतरले. बऱ्याच वेळाने त्या वर आल्या, डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली आणि ओरडल्या, "नेतानी, खाली उभं राहायला जागा नाही!"

किनाऱ्यावर त्यांनी त्याला मिठीच मारली. "कधी निघायचं मग?"

नेतानीने कोलिनियोकडे बोट दाखवलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "हा काय प्रकार आहे? त्याला यायचं नव्हतं का?"

"होतं. पण भाच्याने जागा मागून घेतली."

"मग नकार का नाही दिला?"

"भाच्याला?"

मिस वासिती बेटावरच्याच. पायाने वाळू उकरत म्हणाल्या, "पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा एकानेही भाच्यांचं नाव घेतलं नाही."

"तुम्हीही बेटावरच्या. तुम्हाला नव्हतं ठाऊक?"

"होतं," त्या म्हणाल्या. "पण मी कसं म्हणणार?"

त्यांना वाईट वाटलं होतं. म्हणून निरोपाच्या यांगोनाला त्यांनी भर बैठकीत नेतानीची स्तुती केली. म्हणाल्या, "एवढ्या बेटांवर मी फिरले, असा राखणदार पाहिला नाही. नेतानी आहे तोवर या खिंडीला भय नाही." त्या चांगल्या मनानेच बोलल्या. रातूंनी ते ऐकलं, विचार केला आणि म्हणाले, "विद्यापीठच म्हणतंय, तर मग आपण टोपी कशाला बदलायची?" बंदी आणखी पुढे वाढली. करवंटी भरून नेतानीसमोर आली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कुठेही न थांबता रिकामी केली.

कोलिनियो गेला. उनाइसीच्या गावी म्हणे मोठी मेजवानी झाली. मामाने भाच्याला विद्यापीठात लावून दिलं, तेव्हा तिच्या सासूने तिला पहिल्या पंगतीला बसवलं.

पावसाळा सरल्यावर केंद्रातले पहिले शिकाऊ राखणदार नावुनिवी बघायला आले. विद्यापीठाचा सदरा घातलेला कोलिनियो त्यांना फिरवत होता, आणि छान फिरवत होता. भरती-ओहोटी, अंडी, चंद्र, सगळं तोंडपाठ. टेकडीवर त्याने मामाला मधोमध बसवलं. दूरच्या कुठल्यातरी सपाट बेटावरचा एक म्हातारा होता. सगळ्यांचं विचारून झाल्यावर त्याने हळूच एक प्रश्न विचारला. कोलिनियोने तो आमच्या भाषेत सांगितला आणि सांगता सांगता स्वतःच हसला. "मामा, हे म्हणतात, आमच्याकडेही भाचे असतात. त्यांचं तुम्ही काय करता?"

नेतानीने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा हसत नव्हता.

"जेवायला वाढतो," नेतानी म्हणाला.

म्हाताऱ्याने सावकाश मान हलवली. बाकीचे हसले.

ओहोटी लागायच्या आत त्यांची बोट सुटली. कोलिनियो टपावर उभा राहून हात हलवत होता. "मामा, एकदा ये की तिकडं! मस्त आहे!"

"येतो, येतो," नेतानी खालून ओरडला. आणि बोट वळण चुकवून खिंडीच्या फार जवळून जायला लागली, तशी त्याने खिशातून शिट्टी काढली आणि बोट लांब जाईपर्यंत ती वाजवत राहिला.